चौथा उद्गार

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या बेळगावच्या चर्चमध्ये वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन चालते. बाहेर उन्हाचा तडाखा, आत पंख्यांची घरघर. लहानपणी ते तीन तास संपता संपत नसत. आई मात्र चौथा उद्गार आला की मान खाली घाली, ती मनन संपेपर्यंत वर करीत नसे.

कारण मला उशिरा कळले. माझा धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. भेटायला येणारे म्हणत, 'देवाची इच्छा, बाई.' काहींनी तर आईच्या विश्वासातच खोट काढली. ती त्यांना चहा देई आणि गप्प बसे. (चांगल्या माणसांनाही कधी काय बोलू नये ते कळत नाही!)

चौथ्या उद्गारात खुद्द ख्रिस्तच देवाला विचारतो, मला का टाकलेस म्हणून. बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ तोच आहे. मत्तय आणि मार्क यांनी वधस्तंभावरचा हा एकच उद्गार नोंदवला आहे, आणि त्याला वरून काही उत्तर आल्याचे ते लिहीत नाहीत. आई म्हणे, 'त्यानं विचारलं, मग मी विचारलं तर पाप कसलं?'

तिच्या उशाशी पंडिता रमाबाईंचे चरित्र असे. दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, पुढे भाऊ, १८८२ मध्ये पती. स्वतः भूक सोसलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांना आसरा दिला. १९२१ मध्ये एकुलती मनोरमाही गेली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर तरीही पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. हे वाचूनच आई सरकारी दवाखान्यातल्या मुलांसाठी पेजेचा डबा नेऊ लागली. भावाचे नाव मात्र तिथे कधी काढले नाही.

शेवटची दोन वर्षे ती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. एकदा तिची कूस बदलताना मी चिडून म्हणाले, 'आई, एवढं देवाचं केलंस, त्यानं तुला काय दिलं गं?'

तिने डाव्या हाताने माझे मनगट धरले. जीभ जड झाली होती.

'विचार की त्यालाच,' ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पेज मागितली.