हात गेल्यावरचा हिशेब

पुणे–हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जातो, विजयपूरची वाहतूक इथूनच वळते आणि पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या भाविकांची वर्दळ बारमाही असते. गाळप हंगामात मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. त्यामुळे जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला कामाची वाण नाही. वकील मंडळी या कामाला नुसते ‘क्लेम’ म्हणतात.

अमेरिकेत अपघाताचे खटले चालवणारा वकील रस्त्यावर फलक लावतो आणि भरपाईतला ठरलेला हिस्सा घेतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी दोन्हींना बंदी आहे. जो वकील टक्केवारी बोलतो त्याच्याकडे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगला क्लेमवाला वकील पहिल्या भेटीत अपघाताआधी पगाराचे विचारतो. मालक रोख देतो की खात्यावर? हजेरीचे कार्ड आहे का? पीएफ कापतात का? शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक यंत्रमाग कामगाराच्या घरी हे प्रश्न अनेकदा तेलुगूत विचारावे लागतात.

ते का, हे आकड्यांतच पाहावे. समजा ३४ वर्षांचा कामगार ट्रकखाली गेला. मागे पत्नी, दोन मुले, आई. पगार १२,००० असल्याचे सिद्ध झाले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून १६,८०० होतात. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२००. सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात या वयाला गुणक १६, म्हणजे २४,१९,२०० रुपये. आता पगाराचा कागद नाही आणि न्यायालयाने अंदाजाने ८,००० धरले, तर हाच हिशेब १६,१२,८०० वर येतो. एका हजेरी कार्डाअभावी घराचे आठ लाख गेले! रोखीने पगार वाटणारा मालक कामगाराच्या मरणानंतरही त्याचे नुकसान करत राहतो, हे कुणी फारसे बोलत नाही.

जखमींचा हिशेब आणखी नाजूक. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला अपंगत्वाची टक्केवारी देतो, पण २०१० च्या राजकुमार निकालाने न्यायालयाला पुढचा प्रश्न विचारायला लावले: त्या अपंगत्वाने कमाई किती बुडाली? विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा निकामी झाला तर दाखल्यावर आकडा लहान दिसेल. तिचा रोजगार मात्र जवळजवळ पुरता गेला. तेंदूपत्ता कापताना, तंबाखू भरून वळताना, दोरा गुंडाळताना अंगठा नेमका काय करतो, हे साक्षीत आणणे ही वकिलाची खरी कसोटी.

डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा मार्ग वेगळा. १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन उपचार देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याखाली आली. तक्रारीला मुदत दोन वर्षे. इथे वकिलाने आधी केसपेपर मागवून दुसऱ्या डॉक्टरला दाखवावेत, आणि चूक दिसत नसेल तर नातेवाइकांना तसे तोंडावर सांगावे. औषध लागू न पडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. पण १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती दगावली; त्या खोडवा खटल्यात शासनाची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती १९९६ साली.

अपिलाचा प्रवास तरी आता कमी झाला. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर त्याच्या कक्षेत येते.

घरात असा प्रसंग आला तर फिर्याद, पंचनामा, औषधांची बिले, पगाराची कोणतीही चिठ्ठी फेकू नका. एप्रिल २०२२ पासून कायद्यात क्लेमसाठी सहा महिन्यांची मुदत आली आहे, तेव्हा दिवसकार्य आटोपताच वकील गाठा. फीची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.