पुरात बुडालेली गाडी: चावी फिरवण्याआधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जे जास्तीचं पाल्हाळ झालं ते कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय पुरात बुडालेली गाडी. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

२२ जुलै २०२१. चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला तो दिवस. मी तेव्हा घरून काम करत जामसंड्यात होतो. माझा मामा चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालवतो. लाईट गेलेली, नेटवर्क गेलेलं, कोकण रेल्वे बंद, वाशिष्ठीच्या पुलाचा भाग खचल्यामुळे महामार्ग बंद. एसटीच्या आगारातल्या गाड्यासुद्धा पाण्याखाली गेल्या होत्या. दोन दिवसांनी मामाचा फोन लागला. माणसं वाचली होती, दुकान संपलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बाळा, गाडी उंचावर लावलेली, तरी स्टिअरिंगच्या खालपर्यंत पाणी होतं. आता उतरलंय. काय करू?"

मी म्हटलं, "मामा, चावी फिरवून बघ ना, चालू होते का."

माझं बीटेक लोणेऱ्याचं, नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या धंद्यात काही अडलं की पहिला सल्ला एकच, बंद करून परत चालू करा. तोच तोंडातून निघाला. नशीब एवढंच की मामाची बॅटरी बसली होती. चावी फिरवली, काहीच झालं नाही.

त्या संध्याकाळी आमच्या इथल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींना हे सांगितलं. ते एकदम ओरडले, "चावीक हात लावू नको, सांग मामाक! पयली बॅटरीची वायर काढूक सांग."

ते असं का म्हणाले हे मला नंतर कळलं, आणि आजचा मुख्य मुद्दा तोच आहे. पुराचं पाणी गाडीचं जेवढं नुकसान करतं, त्यात मोठी भर आपण घालतो, पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत.

थोडं गणित करू. १००० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन धरा. एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ३३३ सीसी. पिस्टन वर जाताना आतली हवा अंदाजे एक दशांश जागेत दाबतो. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना वर जागा उरते ३७ मिलिलिटरच्या आसपास. जेमतेम अर्धा कटिंग चहा. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये त्याहून जास्त पाणी असेल तर पिस्टनला वर जायला वाटच नाही. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉक फोडतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. चालू इंजिनाने पाणी ओढलं तर धोका सगळ्यात मोठा, पण बंद गाडीला नुसता सेल्फ मारूनही रॉड वाकू शकतो. डिझेल गाडीत ही जागा आणखी कमी असते.

दुसरं म्हणजे वीज. ओल्या वायरिंगमध्ये करंट सोडला की शॉर्ट होतो आणि जो ईसीयू सुकवून वाचला असता तो जळतो. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग बाकी सगळं.

मामाचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नव्हता. दुकानात माल आणायला तीच गाडी, आणि नवीन घ्यायची तर पैसे कुठून? चार दिवसांनी मेस्त्रींचा टेंपो, पाण्याचे कॅन, खाण्याचं सामान आणि हत्यारं घेऊन आम्ही निघालो. आम्ही दक्षिणेकडून, सावर्ड्याच्या बाजूने जाणार होतो, त्यामुळे खचलेला पूल आडवा आला नाही. चिपळुणातली गॅरेजं आणि स्पेअर पार्टची दुकानंही बुडालेली. त्यामुळे जुजबी काम तिथे केलं आणि नंतर गाडी ट्रेलरवर घालून जामसंड्याला आणली.

मेस्त्रींनी काय केलं ते क्रमाने सांगतो.

आधी फोटो. पाण्याची रेषा आतून-बाहेरून कुठपर्यंत आहे ते. विमा असेल तर हाच पुरावा, नसेल तर काय काय उघडायचं याचा नकाशा.

मग एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर चिखलाने भरलेला, म्हणजे पाणी इंजिनच्या तोंडापर्यंत गेलेलं. डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी खुणेच्या वर. ऑइल कसं वाढेल? पाणी जड, ते चेंबरच्या तळाशी बसतं आणि ऑइलला वर ढकलतं. चेंबरचा नट काढला तेव्हा आधी गढूळ पाणीच आलं, मागून ऑइल. अशी गाडी चालवली असती तर ऑइल आणि पाणी घुसळून दुधाळ कॉफीसारखं झालं असतं आणि बेअरिंग गेली असती.

नंतर सगळे स्पार्क प्लग काढले. क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवलं. दोन फेऱ्यांत चारही स्ट्रोक होतात. प्लगच्या भोकांतून पाण्याची चिळकांडी उडाली तेव्हा मी गप्प झालो. माझ्या सल्ल्याने हेच पाणी आत दाबलं जाणार होतं. फेरा कुठे अडला नाही, म्हणजे रॉड शाबूत. मग सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, गंज धरू नये म्हणून.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी केली. पाणी पेट्रोलच्या खाली बसतं आणि पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे "थोडंसंच गेलं असेल" हे चालत नाही. गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदललं. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, आणि असं ऑइल तापलं की उतारावर ब्रेक हाताशी राहत नाही. सेल्फ आणि अल्टरनेटर सोडवून, उघडून, धुऊन सुकवले.

आतल्या बाजूला सीट, कार्पेट, त्याखालचा जाड नमदा सगळं बाहेर काढलं. इथे मेस्त्रींची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. आपण म्हणतो, आधी सुकू दे, मग बघू. ते म्हणाले, "पाणी गेला म्हणान गाडी सुकली असा नाय." चिखल ओला आहे तोवर साध्या पाण्याने निघतो, सुकला की कपलरच्या आत सिमेंटसारखा बसतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग सुकवायचं. वायरिंगचा एकेक कपलर उघडून धुतला, काँटॅक्ट क्लीनर मारला. आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावात तर हे दुप्पट महत्त्वाचं. खारं पाणी गेलं की मीठ मागे राहतं, ते हवेतली ओल ओढत राहतं आणि गंज थांबत नाही.

एअरबॅगला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिचा मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत खाली, गिअरजवळ जमिनीलगत असतो आणि सगळ्यात आधी भिजतो. तिथे मल्टिमीटर लावून प्रयोग करायचे नाहीत, ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. आणि गाडी इलेक्ट्रिक असेल तर स्वतः काहीच उघडू नका, लांब उभे राहा आणि कंपनीला फोन करा.

शेवटी नवीन ऑइल, नवीन फिल्टर, नवीन बॅटरी. तीन आठवड्यांनी सेल्फ मारला. गाडी चौथ्या प्रयत्नात खोकत चालू झाली. काही मिनिटं चालवून ते ऑइल काढून टाकलं, पुन्हा नवीन भरलं. मामाला व्हिडिओ कॉलवर नुसता आवाज ऐकवला. तो काही बोलला नाही, डोळे पुसत दुकानातला चिखल काढायला परत गेला.

हे परीकथेसारखं वाटू नये म्हणून पुढचंही सांगतो. सहा महिन्यांत एक काच वर-खाली व्हायची बंद झाली, मग चाकाचं बेअरिंग गेलं, एअरबॅगचा मॉड्यूल बदलावा लागला. बुडालेली गाडी दुरुस्त होते, पण पहिल्यासारखी होत नाही. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर खर्चाचा हिशोब आधी करा, मगच पाना हातात घ्या.

विम्याचं थोडक्यात. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. पण चावी फिरवल्यामुळे इंजिन गेलं तर साधी कॉम्प्रिहेन्सिव्हसुद्धा सहसा हात वर करते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेषा तिथे राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि कार्पेटखाली हात घाला. अत्तराचा वास जास्त येत असेल तर का येतोय ते विचारा.

पाऊस तोंडावर आलाय. आज एवढंच करा, पॉलिसी काढा आणि इंजिन प्रोटेक्शन आहे का बघा. घरात कुणाला माझ्यासारखा सल्ला द्यायची सवय असेल तर हा भाग त्याला पाठवा. तुमच्या गाडीचे असे अनुभव असतील तर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. येवा, भेटूया.