उघडी मोटार आणि पाठीमागचा वारा

भाईंदर स्टेशनाहून पश्चिमेस निघालें, कीं मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी हीं गांवें मागें टाकीत रस्ता चौकाकडे जातो. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि उंचवट्यावर १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं जिंकलेल्या धारावी किल्ल्याचे अवशेष. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळ्यांस येथला वारा वरदान खरा. परंतु उघड्या मोटारींत बसलेल्या मनुष्याची तो चांगलीच परीक्षा पाहतो. ती परीक्षा गेल्या माघांत आम्हीं प्रत्यक्ष पाहिली. तिच्यांतून निघालेला बोध आमच्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं त्यांच्या आजोबांनीं घेतलेली उघड्या टपाची शेव्हरलेट आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना चालविला, त्यांतून बाहेर पडलेल्यांपैकीं ही एक. गाडी नुकतीच दुरुस्त होऊन आली होती, आणि पहिल्या सहलीस मागच्या आसनावर नातवंडांच्या मधोमध बसण्याचा मान साहजिकच वृद्ध आत्याबाईंचा. परंतु चौकास पोहोंचेपर्यंत त्यांचे कान ठणकूं लागले, डोळ्यांस धार लागली, आणि पदर आवरतां आवरतां त्या इतक्या थकल्या, कीं उतरतांच म्हणाल्या, "छान आहे रे गाडी, पण पुन्हां मला बोलावूं नकोस." गाडी हांकणाऱ्या चिरंजीवांचीही तक्रार होतीच. त्यांची मान मागून गारठली होती! समोर कांच असतां वारा पाठीमागून येतो कसा?

हें कोडें समजण्यास ओढ्यांतील एखादा मोठा धोंडा आठवावा. पाणी धोंड्याच्या दोहों बाजूंनीं पुढें धांवतें. पण त्याच्या लगेच पलीकडे भोंवरा होऊन तेंच पाणी उलटें फिरतें. मोटारीची पुढची कांच म्हणजे हा धोंडा. तिच्यावरून उडालेल्या हवेच्या खालीं दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरून काढण्यास मागची हवा आसनांवरून पुढें झेपावते. तीच हांकणाऱ्याच्या मानेवर येते. मागें बसणाऱ्यांच्या वांट्यास मात्र वरून कोसळणारा मुख्य झोत येतो. म्हणजे सर्वांत अधिक वारा त्यांसच.

चिरंजीवांनीं लगोलग विंड डिफ्लेक्टर, म्हणजे वारा अडविण्याचा पडदा, शोधण्यास आरंभ केला. हल्लीं बहुतेक ठिकाणीं जो दिसतो तो जाळीदार कापड ताणलेल्या चौकटीचा. मर्सिडीझ-बेंझनें १९८९ च्या एस.एल. गाडीबरोबर अशी जाळी दिली. ती पुढच्या आसनांमागें उभी राहते आणि उलट फिरणारी हवा तेथेंच अडविते. बारीक जाळी वारा अधिक रोखते, पण आरशांतून मागचें अंधुक दिसतें. विरळ जाळींतून उलट. चार आसनांच्या गाडींत तिची आडवी बाजू बहुधा मागच्या बैठकीवर पसरते. चौकट गाडीस उत्तम बसेल असें चिरंजीवांनीं सांगितलें, तेव्हां स्नेह्यांनीं एवढेंच विचारलें, "आणि आत्या कोठें बसेल?"

आमच्या मतें साऱ्या निवडीचें मर्म या एका प्रश्नांत आहे. दोघांनींच फिरावयाचें असेल, तर जाळी उत्तम. पण जी गाडी साऱ्या घराची, तिच्यांत मागची बैठक झांकणारा पडदा वारा अडवीत नाहीं, माणसें अडवितो. आत्याबाईंस पुढें बसवावें, ही तोडही निघाली. परंतु नातवंडांस सोडून त्या पुढें बसतील, हें घरांत कोणासही खरें वाटेना.

उत्तर जुन्याच काळांत सांपडलें. १९२०-३० च्या सुमारास मोठ्या उघड्या गाड्यांत मागच्या मंडळींसाठीं दुसरी स्वतंत्र कांच बसवीत. तशीच बेतशीर कांच करविण्याचें ठरलें. तत्पूर्वीं एक बिनखर्ची प्रयोग झाला. आसनांच्या पाठींस वीतभर लांबीचे लोकरीचे धागे बांधून गाडी बेताच्या वेगानें फिरविली. जेथें धागे पुढें झुकत, तेथें उलटा वारा. जेथें फडफडत, तेथें भोंवरा. पुठ्ठा खालींवर धरून पडद्याची उंचीही ठरविली. वरची कड बसलेल्याच्या कानांच्या वर यावी, आणि तळाशीं फट राहूं नये, नाहीं तर तेथूनच झोत घुसतो.

साधी कांच सर्वथा वर्ज्य; पदरी कांच अथवा न फुटणारें पॉलिकार्बोनेट घ्यावें, मात्र त्यास ओरखडे लवकर पडतात. गाडी अकस्मात् थांबल्यास तोंड आपटेल म्हणून कडा मऊ असाव्यात. गाडीस भोंकें पाडूं नयेत. चिमट्यांनींच पडदा धरावा. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत पत्र्याखालीं लांकडी सांगाडा असे, आणि खाऱ्या हवेंत प्रत्येक भोंक गंजास आमंत्रण देतें. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करावयाची, तर ती मूळ रूपांत असावी लागते; अशा गाडीस नित्याच्या वापराची मुभाही नसते. स्नेह्यांनीं तशी नोंद अद्याप केलेली नाहीं, पण ती वाट त्यांस बंद करावयाची नव्हती.

पडदा बसल्यावर पुन्हां चौकाची फेरी झाली. समुद्राकडून आडवा येणारा वारा कोणत्याच पडद्यास दाद देत नाहीं, म्हणून आत्याबाईंनीं कानांस रुमाल बांधलाच होता. परंतु या खेपेस वाटेंत नातवंडांनीं काय काय विचारलें, तें सारें त्यांस ऐकूं आलें. आणि परततांना गाडी जरा सावकाश घे, एवढीच त्यांची सूचना होती.