बालआरोग्य आणि विधिसाहाय्य
बालआरोग्य आणि विधिसाहाय्य : आजारी वा कुपोषित बालकाच्या उपचाराचाच एक भाग म्हणून त्याच्या कुटुंबास दिली जाणारी कायदेविषयक मदत. बालकाचे दुखणे पुष्कळदा घर, अन्न वा कागदपत्रे यांच्या अभावातून उद्भवते व तो अभाव औषधाने भरून निघत नाही, हे या कल्पनेमागील सूत्र होय. अमेरिकेतील बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञ बॅरी झकरमन यांनी १९९३ मध्ये या कामी वकिलांचे साहाय्य घेतले. दम्याच्या मुलास औषध देऊन पुन्हा बुरशी धरलेल्या ओल्या घरात धाडणे व्यर्थ होते आणि घरमालकास दुरुस्ती करावयास लावणे वैद्याच्या हाती नव्हते.

भारतात मोफत विधिसाहाय्याचे तत्त्व ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-अ मध्ये आले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (अंमल १९९५) याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. पालघर जिल्ह्यातील बोईसरनजीकच्या सरावलीसारख्या गावी या कलमातील बहुतेक सर्व वर्ग शेजारीशेजारी राहतात. कारण तारापूर औद्योगिक क्षेत्रामुळे स्थानिक आदिवासींच्या जोडीला अन्य राज्यांतील कामगार येथे स्थायिक झाले आहेत.

अशा कुटुंबांची पहिली अडचण जन्मदाखल्याची असते. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्म जेथे झाला तेथेच, सर्वसाधारणपणे २१ दिवसांत, नोंदवावा लागतो. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा, उपविभागीय वा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. दूरच्या खेड्यात जन्मलेल्या मुलासाठी रोजंदारी बुडवून तेथवर जाणे पालकास परवडत नाही. येथे वकिलापेक्षाही नीट लिहिलेला अर्ज अधिक उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न आहाराचा. १९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने अनेक बालके दगावली, तेव्हा पूरक आहार ही शासनाची योजना मानली जाई, हक्क नव्हे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशाने हे चित्र पालटले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या, परंतु अंगणवाडी नसलेल्या वस्तीस मागणीपासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावयास हवी. कामगारांच्या नव्या चाळींना हा आदेश विशेष लागू पडतो. मात्र मागणी कोणी तरी लेखी करावी लागते.

गंभीर आजारात मूल मुंबईस हलविले जाते. तेथील धर्मादाय रुग्णालयांनी १०% खाटा निर्धनांसाठी मोफत व १०% दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अअ अन्वये मंजूर केली. तिचा लाभ उत्पन्नाच्या पुराव्यावर अवलंबून असल्याने प्रश्न पुन्हा कागदपत्रांपाशीच येतो.

आजारी मूल प्रथम दिसते ते आशा कार्यकर्तीस किंवा अंगणवाडीसेविकेस. वकील बसतो न्यायालयात. हे अंतर कमी करण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. प्रशिक्षित स्थानिक व्यक्तीने अर्ज लिहून देणे व गरजूस तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोहोचविणे, हे त्यांचे काम होय.