विरहाची छक्कड : एक ऐतिहासिक साधन

बखर, सनद, महजर व पत्रव्यवहार यांस इतिहासाचीं साधनें म्हणून जी मान्यता आहे, ती शृंगारिक कवनांस सहसा मिळत नाहीं. पोवाडा ऐतिहासिक आणि लावणी निव्वळ रंजनाची, असा भेद आपण गृहीत धरितों. मुंबईच्या गिरणगांवांत गाजलेल्या एका छक्कडीच्या आधारें हा भेद तपासून पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

सन १९४४ मध्यें अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर या तरुण शाहिरांनीं ‘लाल बावटा कलापथक’ स्थापिलें. परळ-लालबागचा गिरणीकामगार हा त्यांचा हक्काचा श्रोता. अण्णाभाऊंनीं तमाशाचा साचा ठेविला. पण गणांत गणेशाऐवजीं मायभूमि व श्रमिक यांस वंदन केलें. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड याच मुशींतली.

पेशवाईंतील शाहिरांच्या विरहाच्या लावण्यांत पति मुलुखगिरीवर गेला असतां मागें राहिलेली स्त्री बोलते. या छक्कडींत बोलणारा पुरुष आहे. पोटासाठीं मुंबईस आलेला हा गडी गांवीं राहिलेल्या मैनेसाठीं झुरतो. हा फरक केवळ काव्यांतला नव्हे. कोंकणांतून व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटाच राही. एका खोलींत अनेक जण पाळीपाळीनें निजत. जेवण खानावळींत होई. वेतन अपुरें म्हणून बायकामुलें गांवींच असत. समोर बसलेला श्रोताच घर सोडून आलेला होता, म्हणून विरह त्याच्या मुखीं आला, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत याच मैनेला दुसरा अर्थ आला. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बेळगांव, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यांत गेला. छक्कडीच्या उत्तरार्धांत तुटलेला मुलूख हीच दुरावलेली मैना होते. ताटातूट ज्यानें घरीं भोगली, त्यास राजकीय ताटातूट निराळी समजावून सांगण्याचें कारण नव्हतें. ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तें या मुलुखावांचूनच.

ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरणगांव ओसरत गेलें. गिरण्यांच्या हजेरीपटांवर कामगाराचें नांव व त्याचे खाडे सांपडतील. त्यानें गांवीं काय मागें ठेविलें, तें त्यांत नाहीं. तें या कवनांत आहे. हीं कवनें ज्यांनीं मैदानांत बसून ऐकलीं, ते आज वृद्ध झाले आहेत. ते आहेत तोंवर त्यांच्याकडून पाठभेदांसह हीं कवनें टिपून घ्यावीं, ही संशोधकांस विनंति.