घरच्या गो-कार्टला इंजिन कोणते बसवावे?

“अब्बू, पल्सरचे इंजिन बसवले तर किती पळेल?” गो-कार्ट बनवायला निघालेल्या मुलाचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. परभणी, जिंतूर, मानवत, पाथरी या भागात आपल्या कित्येक घरांतून कोणी गॅरेजमध्ये, कोणी वेल्डिंगच्या तर कोणी लेथच्या कामात आहे. पाइप कापणे, चासी जोडणे, जुने इंजिन सुरू करणे ही कामे घरातच होतात. म्हणून मुलाचा हट्ट नुसता हट्ट राहत नाही, आठ-पंधरा दिवसांत खरोखर गाडी उभी राहते. आणि तिच्यासाठी भंगारातून जे इंजिन हाती लागले तेच बसवले जाते. इथेच घाई होते. किती पळेल हा प्रश्न नंतरचा. गाडी कुठे चालणार, कोण चालवणार आणि तिथले नियम काय, हे ठरले की इंजिन जवळजवळ आपोआप ठरते.

गो-कार्ट म्हणजे पाइपांची चासी, चार छोटी चाके, एक सीट आणि मागे इंजिन. शॉकअप नाही, डिफरन्शियल नाही, मागची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स या कारागिराने पहिली कार्ट बनवली. तो शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता, मोठी इंजिने त्याच्या रोजच्या हाताखालची. तरी या गाडीला त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन लावले. ही गाडी जमिनीपासून चार बोटांवर धावते, त्यामुळे तीसचा वेगही बसणाऱ्याला साठसारखा वाटतो. मजा त्यातच आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला सूट आहे असे गॅरेजात सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. ती सूट चारपेक्षा कमी चाके असलेल्या वाहनाला आहे. कार्टला चाके चार, म्हणून इंजिन कितीही लहान असले तरी ती सूट लागू होत नाही. दुसरी सूट आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनाला. घरच्या कार्टचा रस्ता हाच: कुंपण घातलेले खासगी आवार, मालकाची परवानगी. गल्ली, बायपास, आठवडी बाजाराची मोकळी जागा, जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिकच. तिथे नोंदणी नसलेली गाडी अल्पवयीन मुलाने चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. ड्रायव्हिंगवर पोट भरणारी आपल्यात किती घरे आहेत, हे सांगायला नको.

जागा ठरली की इंजिनाकडे वळू. आपल्याकडे सहज मिळणारी तीन प्रकारची.

फवारणी पंपाचे किंवा ब्रश कटरचे ३५ सीसीच्या आसपासचे इंजिन हलके असते, पण मोठ्या माणसाला ओढताना दमते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी सपाट फरशीवर ठीक.

दुसरे, शेतातल्या पाण्याच्या पंपाचे किंवा पॉवर वीडरचे चार स्ट्रोक पेट्रोल इंजिन. होंडाचे १६३ सीसीचे जीएक्स १६० हे यातले जगभर वापरले जाणारे. ३,६०० फेऱ्यांना सुमारे ४.८ एचपी, वजन पंधरा किलोच्या आसपास, शाफ्ट आडवा. घरच्या कार्टसाठी मला हेच सर्वांत योग्य वाटते. गिअर नाही, वायरिंग जवळजवळ नाही, दोरी ओढली की सुरू. शाफ्टचा व्यास मोजून त्या मापाचा सेंट्रिफ्युगल क्लच घ्यायचा. इंजिन संथ असताना गाडी उभी राहते, रेस दिली की चेन फिरू लागते. मुलाला क्लच-गिअरचा विचार करावा लागत नाही, लक्ष स्टिअरिंग आणि ब्रेकवर राहते.

तिसरे, दुचाकीचे इंजिन. शंभर सीसीची मोटारसायकल साधारण आठ एचपी देते, म्हणजे पंपाच्या दीडपटीहून जास्त. पण ते इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. कार्टमध्ये सीटच्या मागे गेले की वारा अडतो आणि दहा मिनिटांत ते तापते. स्कूटीच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो आणि गिअरही नसतात, म्हणून दुचाकीचेच घ्यायचे तर स्कूटीचे बरे. दीडशे सीसीचे पल्सर मात्र घरच्या आवारात आणूच नये. भंगारातून इंजिन घेताना एक गोष्ट विसरू नका: पक्के बिल आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद. इंजिनावर नंबर कोरलेला असतो. चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस दुकानदाराच्या आधी तुमच्या दारात येतात.

पंपाच्या इंजिनाला एक गव्हर्नर असतो. फेरे एका मर्यादेपुढे गेले की तो कार्बोरेटरची पाकळी आपोआप बंद करत आणतो. आपले कारागीर हुशार, त्यांना तो काढायला पाच मिनिटे लागत नाहीत. पण त्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या मर्यादेच्या हिशेबानेच बनवलेले असतात. गव्हर्नर काढून फेरे वाढवले की रॉड तुटून केसिंग फोडू शकतो, फ्लायव्हीलचे तुकडे उडू शकतात. आणि इंजिन असते कुठे? मुलाच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर. तेव्हा गव्हर्नर राहू द्या.

वेग हवा तसा बांधता येतो, तो चेनच्या दात्यांवर. मागचे चाक ११ इंच, म्हणजे साधारण २८ सेंमी व्यासाचे. एका फेऱ्यात ते ८८ सेंमी पुढे जाते. इंजिनाला १० दात्यांचे आणि एक्सलला ६० दात्यांचे स्प्रॉकेट लावले तर इंजिनाचे ३,६०० फेरे एक्सलवर ६०० होतात. मिनिटाला ५२८ मीटर, तासाला जवळपास ३२ किमी. मागे ५० दात्यांचे लावले तर ३८. हा हिशेब मुलालाच करायला लावा, आठवीच्या गणिताबाहेरचे यात काही नाही. आता ब्रेकचा हिशेब. धुळीच्या मुरमावर ३२ च्या वेगात, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर गाडी थांबायला सुमारे १७ मीटर लागतात. साठच्या वेगात तेच ४५ मीटर होतात. तुमचे आवार किती लांब आहे ते आधी पावलांनी मोजा.

मुलाला पुढे स्पर्धेत उतरायचे असेल तर मात्र क्रम उलटा: आधी नियमपुस्तिका, मग इंजिन. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेचे उदाहरण पाहा. आपल्या देशात ती २००७ पासून होते, सुरुवात इंदूरजवळच्या पीथमपूरला झाली. गाडी विद्यार्थ्यांनी बांधायची, पण अनेक वर्षे इंजिन सगळ्यांना एकच होते, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे १० एचपीचे, आणि त्यात फेरफार करायला मनाई होती. मोठे इंजिन आणणारा जिंकू नये, चांगली गाडी बांधणारा जिंकावा, असा हेतू. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्स मॅक्स गटात १२५ सीसीचे इंजिन सील केलेले असते आणि सील तुटले की ते शर्यतीत चालत नाही. घरी बांधलेली कार्ट घेऊन तिथे उतरता येत नाही, पण ट्रॅकवर बसून एक दिवस पाहणे हे दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवते. कॉलेजांच्या गो-कार्ट स्पर्धांत सीसीची मर्यादा, मूळ इंजिनात बदल करण्यास मनाई, किल स्विच, पेट्रोल टाकी आणि चालक यांच्यामध्ये पत्रा, असे नियम असतात. स्पर्धेत जायचे नसले तरी किल स्विच आणि मधला पत्रा घरच्या कार्टला बसवाच. दोनशे-चारशे रुपयांचे काम आहे.

शेवटची गोष्ट इंजिनाच्या शेजारचीच, चेन आणि एक्सलची. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ, भाड्याच्या गो-कार्टवर बसलेल्या दोन तरुणींचे केस मागच्या फिरत्या भागात अडकले. दोघींचाही जीव गेला. आपल्या मुलीही हौसेने कार्टवर बसणार, बसावेच, पण ओढणी, दुपट्टा, बुरख्याचा घेर, मोकळी वेणी या सगळ्यांना तोच धोका आहे. केस बांधून कपड्याच्या आत, डोक्यावर घट्ट बसणारी टोपी आणि वर पट्टा लावलेले हेल्मेट, अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता आणि पायजमा. हा पोशाख मुलांनाही लागू, गळ्यातला रुमाल आणि बुटाची लोंबती नाडीसुद्धा चालत नाही. आणि चेनवर, क्लचवर आणि एक्सलच्या पूर्ण लांबीवर बंद पत्र्याचे कव्हर हवे. जाळी नको, जाळीतून केस जातात. कव्हर बसेपर्यंत इंजिनात पेट्रोल घालू नका.