प्रसवकाळी श्रवण : गीत-वाद्यांची निवड आणि वैद्याचे कर्तव्य

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गर्भिणी-परिचर्या करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना आठव्या-नवव्या महिन्यात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "डॉक्टर, कळा सुरू झाल्यावर कोणते संगीत लावायचे?" डॉ. बालाजी तांबे (निधन २०२१) यांच्या गर्भसंस्कारविषयक ध्वनिमुद्रिका व ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आणि गर्भिणीने काही तरी ऐकावे हा विचार समाजात रुजला. तथापि गर्भावस्थेतील नऊ महिन्यांचे श्रवण आणि प्रत्यक्ष प्रसवाच्या काही तासांतील श्रवण हे दोन भिन्न विषय आहेत. पहिल्यात संस्काराचा हेतू आहे. दुसऱ्यात आसन्नप्रसवेचे भय कमी करणे एवढाच मर्यादित, परंतु अत्यंत मोलाचा हेतू आहे. औषधी दुकानात एकच तबकडी दोन्हींसाठी विकली जाते, म्हणून हा भेद प्रथम नोंदविला.

शास्त्राधार काय सापडतो ते पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात वायूला श्रोत्र व स्पर्शन या दोन इंद्रियांचे मूळ म्हटले आहे. प्रसव हे अपानवायूचे कर्म, आणि भय-शोक हे वातप्रकोपाचे ठळक हेतू. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे प्रसवकाळी कानावर काय पडते आणि अंगावर कोणाचा हात फिरतो याला वैद्याने महत्त्व का द्यावे ते उलगडते. आधुनिक शास्त्राची भाषा वेगळी असली तरी निष्कर्ष फारसा दूरचा नाही. भयाने अॅड्रिनॅलिन वाढते, त्याने गर्भाशयाच्या आकुंचनाची लय बिघडू शकते, स्नायू ताठरतात आणि वेदना अधिक जाणवते.

शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील प्रसववर्णन या दृष्टीने पुन्हा वाचावे. आसन्नप्रसवेभोवती कोण असावे? बहुप्रसवा, स्नेहशील, विषाद टाकलेल्या, क्लेश सहन करू शकणाऱ्या स्त्रिया. त्या तिला धीर देतात. कंबर, पार्श्व, पाठ, मांड्या यांना कोमट तेल लावून सुख वाटेल इतपत मर्दन करतात. आणि तिला अनुकूल असणारी एक स्त्री तिच्या कानात मंत्र म्हणते. सुश्रुतांनी तर अशा चार परिणतवयस्क, प्रसवकुशल व नखे कापलेल्या स्त्रिया सांगितल्या आहेत. म्हणजे ऐन प्रसवात संहितेला अभिप्रेत असलेला ध्वनी हा वाद्यवृंदाचा नाही. तो एका ओळखीच्या स्त्रीचा, कानाशी, हलक्या आवाजातला आहे. गीत व वादित्र यांचा स्पष्ट उल्लेख त्याच अध्यायात येतो, पण तो प्रसूतीनंतरचा. दहा-बारा दिवस सूतिकेचे घर मंगल आशीर्वचने, स्तुती, गाणे-वाजवणे आणि आनंदी माणसे यांनी भरलेले असावे, असा तो उपदेश आहे. शिवाय सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाच्या सिद्धतेत गीत, वाद्य, कथा, पुराण जाणणारी माणसे हाताशी ठेवण्यास सांगितले आहे. तेव्हा संगीत हे आपल्या शास्त्राला उपरे नाही. मात्र अमुक रागाने कळा वाढतात वा अमुक रागाने वेदना नाहीशी होते, असे विधान बृहत्त्रयीत नाही. ते तिच्या नावावर खपवू नये.

आपल्या लोकपरंपरेचीही रचना अशीच आहे. सातव्या महिन्यात डोहाळे, बाराव्या दिवशी पाळणा. मधल्या प्रसवाच्या घटकेसाठी रूढ असे गाणे सहसा आढळत नाही. हेमा राईरकर व गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेर, लेक, बाळ यांचे वर्णन विपुल आहे. परंतु जाते थांबले आणि सुईण आत गेली, की गाण्याची जागा बोलण्याने घेतली. हा फरक अनुभवातून आलेला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आता पुराव्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकालीन सेवेविषयी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. वेदना-उपशमन इच्छिणाऱ्या निरोगी गर्भिणीसाठी श्वसन, स्नायुशैथिल्य व संगीत यांसारख्या उपायांना तीत मान्यता आहे, पण तिच्या आवडीनुसार, अशी अट घालून. त्याच शिफारशींत तिच्या पसंतीची सोबतीण असण्यावर अधिक ठाम भर आहे. त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेत संगीतामुळे प्रसवाच्या सुरुवातीच्या, म्हणजे सुप्त अवस्थेत वेदना काहीशी कमी जाणवल्याचे दिसले. सक्रिय अवस्थेत मात्र स्पष्ट लाभ आढळला नाही, आणि समीक्षकांनी उपलब्ध पुरावा कनिष्ठ प्रतीचा ठरविला. हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. संगीताचा उपयोग कोठे आहे ते यातून नेमके कळते : घरी किंवा नुकतेच रुग्णालयात दाखल झाल्यावर, कळा दूर-दूर असताना, जेव्हा वेळ जात नाही आणि मन भलत्या शंकांनी पोखरले जाते तेव्हा.

"मोझार्ट ऐकवले की बाळ हुशार होते" हे वाक्य अजूनही पत्रकांवर छापलेले दिसते. १९९३ सालच्या ज्या प्रयोगावर ते उभे आहे त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी होते, गर्भिणी नव्हत्या. आणि आढळलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरता होता.

निवड कशी करावी

नवव्या महिन्यात अनुवासन व योनिपिचूचे नियोजन करताना त्याच बैठकीत गाण्यांचाही विचार करावा. प्रथम तिलाच विचारावे, सासूला वा पतीला नव्हे. "तुम्हाला थकल्यावर काय ऐकावेसे वाटते?" एवढा साधा प्रश्न पुरतो. उत्तर कधी भीमसेन जोशींचे अभंग असते, कधी नव्वदच्या दशकातील हिंदी चित्रपटगीते. ठाकुर्लीच्या एका रुग्णेने लाजत-लाजत सांगितले होते की तिला आकाशवाणीवरच्या बातम्यांचा आवाज ऐकला की शांत वाटते, कारण लहानपणी आजोबांच्या घरी सकाळी तोच कानी पडे. अशा उत्तराला हसू नये. सात्म्य ही कल्पना आहार-विहारापुरती मर्यादित नाही, ती श्रवणालाही लागू पडते. जे कानाला सात्म्य तेच भय हरते. वैद्याला आवडणारा राग तिला परका असेल तर तो केवळ आवाज होय.

शास्त्रीय संगीताची आवड असेल तर एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी. संतूर, बासरी वा सतारीच्या एकाच ध्वनिमुद्रणात आलाप, जोड, झाला असा प्रवास असतो. प्रारंभी विलंबित असलेला राग शेवटी द्रुत व उत्तेजक होतो. पं. शिवकुमार शर्मा वा पं. हरिप्रसाद चौरसिया यांचे वादन "शांत" म्हणून निवडले, पण ऐन कळेच्या वेळी झाला सुरू झाला, तर हेतू फसतो. म्हणून केवळ आलापाचा वा विलंबित भाग वेगळा करून घ्यावा. कळांची अवस्था वाढली की शब्द नकोसे होतात, तालही कधी नकोसा होतो. त्या वेळी नुसता तंबोरा उत्तम. त्याला ठेका नसल्याने तिच्या श्वासावर तो स्वतःची लय लादत नाही. दीर्घ निःश्वास सोडताना त्या अखंड स्वराचा आधार मात्र मिळतो. कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था ज्या शहरात आहे, तेथील जाणकारांना विचारल्यास अशी निवड करून देणारे सापडतील.

शब्दप्रधान गाणे असेल तर अर्थ पाहावा. 'गीतरामायण' (१९५५-५६) अनेक घरांत आवडीने ऐकले जाते, पण त्याच्या छप्पन्न गीतांत जन्मोत्सव आहे तसा वनवास व वियोगही आहे. संपूर्ण संच आरंभापासून अखेरपर्यंत लावून देणे योग्य नव्हे. दिवंगत वडिलांची आठवण जागविणारे गाणे कितीही सुरेल असले तरी तिला विचारल्याशिवाय ठेवू नये.

मुंब्रा, भिवंडी, कल्याण येथील मुस्लिम रुग्णा आपल्याकडे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या घरी नवजाताच्या कानी प्रथम अजान म्हणण्याची प्रथा आहे; कुराणपठण ऐकणे अनेकींना धीर देते. तिथे संस्कृत मंत्रांची तबकडी सरसकट हाती देणे हा औचित्यभंगही होय आणि चिकित्सादोषही.

प्रसूतिकक्षात

आवाज किती असावा याचा निकष सोपा आहे : परिचारिकेला आपला स्वर चढवावा लागू नये. दोन्ही कानांत इअरफोन घालणे अयोग्य, कारण तिला सूचना ऐकू आल्या पाहिजेत. एका कानात असल्यास चालेल. महापालिकेच्या रुग्णालयात एकाच कक्षात अनेक प्रसूती चालतात, तेथे ध्वनिक्षेपक नकोच. भ्रमणध्वनीवर गाणी आधी उतरवून ठेवावीत, अन्यथा मध्येच जाहिरात किंचाळते किंवा मावशींचा फोन वाजतो. कक्षात यंत्र न्यावे की नाही हे प्रसूतितज्ज्ञांना आधीच विचारावे. आयत्या वेळी नातेवाईकांनी वाद घालू नये.

सक्रिय अवस्थेत दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि द्वितीय अवस्थेत दर पाच मिनिटांनी गर्भहृदयस्पंदन ऐकायचे असते. त्या वेळी संगीत बंद. गर्भाचे हृदय ऐकण्याच्या आड येणारा कोणताही स्वर मंगल नाही. प्रवाहणाच्या वेळीही ते बंद वा अगदी मंद असावे. आवी आलेली नसताना कुंथू नये, ही चरकांची स्पष्ट सूचना आहे, आणि केव्हा जोर लावायचा व केव्हा थांबायचे हे तिला स्वतःच्या वेगावरून व सुईणीच्या शब्दावरून कळायचे आहे. "जोर यावा म्हणून" ढोल-ताशा लावण्याची अलीकडची हौस सर्वथा त्याज्य समजावी.

बाळ जन्मले की काही क्षण कक्ष शांत असावा. जन्मतःच त्याच्या कर्णमुळाशी दगडांचा संघट्ट करावा, असे चरकांनी सांगितले आहे. तो प्राणप्रत्यागमनाचा उपाय होता. आज त्या जागी अंग कोरडे करणे, पाठ चोळणे व आवश्यक तर श्वसनसाहाय्य आहे. परंतु पहिले रडणे सर्वांना ऐकू आले पाहिजे, हा व्यवहार बदललेला नाही. त्यानंतर आईच्या छातीवर बाळ आणि आईचा स्वर. नवजात अर्भक आईचा आवाज ओळखते व पसंत करते, हे १९८० साली प्रयोगाने दाखविले गेले आहे. त्यासाठी तबकडीची गरज नाही.

या सर्वांवर पाणी फिरविणारी एक गोष्ट आपल्या शहरांत आहे, ती म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट. आपली बरीचशी प्रसूतिगृहे रहिवासी इमारतींत, गजबजलेल्या रस्त्यांवर आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ठाण्याचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महेश बेडेकर यांनी उत्सवांतील ध्वनिप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयात लढा दिला व २०१६ साली सविस्तर निकाल मिळविला, ही आपल्या व्यवसायबंधूंना अभिमानाची बाब आहे. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाभोवतालचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही, तो शासनाने घोषित करावा लागतो. गणेशोत्सव-नवरात्रात प्रसवतिथी असलेल्या रुग्णेला रस्त्याकडेची खोली टाळण्यास सांगणे, हे कोणत्याही रागापेक्षा हितकर ठरेल.

औषधी दुकानदार बंधूंना विशेष विनंती. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यातील 'चमत्कारी उपाय' या व्याख्येत मंत्राचा नामोल्लेख आहे. मंत्रसंगीताच्या वेष्टनावर वा दुकानातील फलकावर "वेदनारहित प्रसूती", "शस्त्रक्रिया टळते" असे दावे छापलेले असतील तर तो माल ठेवताना विचार करावा; "पुत्रप्राप्ती" असा शब्द असेल तर तो ठेवूच नये. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी अशा दाव्याने होणारी हानी वेगळी आहे. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली सूतिका महिनाभराने आपल्याकडे येते आणि विचारते, "मी नीट ऐकले नाही म्हणून असे झाले का?" हा अपराधभाव तिच्या सूतिकाकाळात, वात आधीच प्रकुपित असताना, आपण विकलेल्या वेष्टनाने निर्माण केलेला असतो. तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगावे की प्रसवमार्ग, गर्भाची स्थिती व आवी यांवर प्रसूतीचा प्रकार ठरतो, गाण्यावर नाही.

रक्तस्राव, गर्भोदक हिरवट येणे, गर्भाची हालचाल मंदावणे, तीव्र शिरःशूल वा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही असल्यास "जरा संगीत लावून पडून राहा" असा सल्ला दूरध्वनीवरून कोणीही देऊ नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे; गाणी लावलेला भ्रमणध्वनी तेवढ्या वेळेपुरता रुग्णवाहिकेच्या क्रमांकासाठी मोकळा ठेवावा.